पाऊचमधलं तयार जेवण: पावसाळा ते मे, सॅकमध्ये वापरून झाल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून यंदाच्या मे महिन्यापर्यंत सह्याद्रीतल्या जवळजवळ प्रत्येक मुक्कामी ट्रेकला, आणि मध्ये एकदा हिमालयात, मी पाऊचमधलं तयार जेवण नेलं. राजमा, छोले, डाळ, पुलाव, उपमा, पनीरची भाजी, शिरा असं वेगवेगळ्या कंपन्यांचं बरंच काही खाऊन झालं. निकाल आधीच सांगतो. सॅकमध्ये या पाकिटांना जागा आहे, पण प्रत्येक ट्रेकला नाही. कुठे न्यायची हे चवीपेक्षा गडावरच्या पाण्यावर ठरवावं.

हे मूळचं सैनिकांचं अन्न. म्हैसूरला डीआरडीओची, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेची, संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ साली सुरू झाली. जिथे चूल मांडता येत नाही, भाजीपाला पोचत नाही, तिथल्या जवानाला ओळखीचं जेवण मिळावं म्हणून तिथे वर्षानुवर्षं काम झालं. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या चपात्यासुद्धा त्यांनी बनवल्या. तिथलं तंत्र पुढे खाजगी कंपन्यांना मिळालं आणि आज किराणा दुकानात राजम्याचं पाकीट सहज मिळतं, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. मला याबद्दल मनापासून आदर वाटतो.

पाऊच एका थराचा नसतो. बाहेर पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमची फॉइल, आत पॉलिप्रॉपिलीन. पदार्थ भरून, हवा काढून, सील करून तो दाबाखाली साधारण १२१ अंशांवर तापवतात. बोट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा घडवणाऱ्या जंतूंचे चिवट बीजाणूसुद्धा त्यात मरतात. म्हणून फ्रिज लागत नाही आणि बहुतेक पाकिटांवर वर्षभराची मुदत असते. पाऊच चपटा असल्यामुळे उष्णता मध्यापर्यंत लवकर पोचते, त्यामुळे पत्र्याच्या डब्यातल्या अन्नाइतका आतल्या पदार्थाचा लगदा होत नाही. रिकामा झाल्यावर घडी करून खिशात मावतो, हेही आहेच.

आता वजनाचं गणित. ३०० ग्रॅमच्या राजम्यातून साधारण ३५० कॅलरी मिळतात. तेवढ्याच कॅलरी १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत असतात. फरक आहे तो पाण्याचा. गडावर बारमाही टाकं असेल तर हे पाणी खालून पाठीवर का वाहायचं? तिथे पोहे, मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट न्यावं आणि वर शिजवावं. पण एप्रिल-मेमध्ये बरीच टाकी आटलेली असतात किंवा त्यांत हिरवा गाळ उरलेला असतो. अशा वेळी शिजवायचं पाणीही खालूनच न्यावं लागतं, भांडी धुवायचं वेगळं. तिथे पाऊच सरळ सरळ जिंकतो. पाकीट कापायचं, टोपात ओतायचं, बर्नरवर तीन-चार मिनिटं ढवळायचं, आणि टोप चपातीच्या तुकड्याने पुसून घ्यायचा. पाऊच उकळत्या पाण्यात बुडवण्याची पद्धत पाकिटावर छापलेली असते, पण उन्हाळ्यात तेवढं पाणी वापरणं मला पटत नाही.

हिमालयात कारण वेगळं. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस मात्र संपत जातो. पाऊचमधली डाळ आधीच शिजलेली असते, नुसती गरम करायची. दमून तंबूत शिरल्यावर पाच मिनिटांत ताटात गरम डाळ, ही त्या थंडीत फार मोठी गोष्ट आहे.

चवीत राजमा आणि छोले सगळ्यात उजवे. कडधान्यं मुरतात, मसाला आत जातो, काही वेळा तर घरच्यापेक्षा बरे लागतात. शिरा गारसुद्धा खाता येतो, पहाटे अंधारात निघायचं असेल तर तोच काढावा. पुलाव गार खाऊच नये. दाणे टणक होतात, तोंडात कोरडे फिरतात. तापवताना दोन चमचे पाणी घातलं की सुधारतात. पनीर रबरासारखं. उपमा चिकट. मीठ सगळ्यातच जास्त, त्यामुळे रात्री तहान लागते, हे पाण्याच्या हिशोबात धरा. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा ठेवला तर जेवण एकदम जिवंत होतं. पहिल्या दिवसासाठी घरच्या दशम्या आणि धपाटेच न्यावेत, त्यांची बरोबरी कुठलंच पाकीट करत नाही.

पाणी ओतलं की आपोआप गरम होणारं पाकीटही वापरलं, चुनकळीवर चालणारं. अमेरिकन सैन्याच्या शिध्यात याच कामासाठी मॅग्नेशियम आणि लोखंडाची पूड असते आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. माझ्या पाकिटाने जेवण कोमट-गरम झालं, वाफाळतं नाही. वाफ आणि वायू लक्षात घेता कुठलाही प्रकार बंद तंबूत वापरू नका. किंमत आणि वजन पाहता मी तो पुन्हा घेणार नाही.

एका कंपनीच्या पाकिटांचं सील कच्चं निघालं. कोपऱ्यातून तेल झिरपून अख्ख्या सॅकला वास. तेव्हापासून घरीच प्रत्येक पाऊच तळहाताने दाबून, कडेवरून बोट फिरवून बघतो. फुगलेला पाऊच चाखूनही बघायचा नाही, मुदत उरली असली तरी. टोकदार वस्तूंपासून लांब, कपड्यांच्या घडीत ठेवा. आणि उन्हात उभ्या गाडीत दिवसभर सोडू नका, चव उतरते.

हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी मात्र पाऊच काढायचाच कशाला? पायथ्याच्या पाचनई गावची माणसं वर पिठलं-भाकरी करून देतात. गरम भाकरी, ठेचा, आणि पैसे गावात राहतात. तिथे पाकीट फक्त अडीअडचणीला सॅकच्या तळाशी ठेवावं.

सगळ्यात जास्त मला खटकतं ते कचऱ्याचं. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे हे पाऊच भंगारवाला घेत नाही. जाळले तर प्लॅस्टिकचा विषारी धूर होतो आणि फॉइल तशीच राहते. पुरले तर माकडं आणि कुत्री वासाने उकरतात. गुहांच्या तोंडाशी अशी चंदेरी पाकिटं पडलेली बघून जीव तुटतो. रिकामा पाऊच चपातीने पुसून, घट्ट गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून खाली आणायचा. वर नेताना तो भरलेला होता, उतरताना वीस ग्रॅमचाही भार नाही.