ब्योमकेश, ब्रेटचा होम्स की कोलंबो: आधी कोणती लावाल?

खुनी कोण हे ठाऊक असूनही जी परत लावावीशी वाटते, ती गुप्तहेर मालिका खरी. माझी कसोटी एवढीच, आणि पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेलं की मध्यंतरात, चहाच्या रांगेत, आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत या विषयावरून जुंपते. पण तो वाद सगळं पाहून बसलेल्यांचा. हे लिहिलंय ते ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही आणि सुट्टीत एकच मालिका हाती घ्यायची आहे त्यांच्यासाठी.

दावेदार तीन. दूरदर्शनची 'ब्योमकेश बक्षी', ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनचा जेरेमी ब्रेटवाला 'शेरलॉक होम्स' आणि अमेरिकेचा 'कोलंबो'. 'करमचंद'ला वगळलं तर इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास वाढलेली एक अख्खी पिढी रागवेल, म्हणून त्याचा निकाल आधीच लावते. १९८५ सालची मालिका, दिग्दर्शक पंकज पराशर. काळा चष्मा लावून गाजर चावणारा पंकज कपूर आणि त्याची भाबडी मदतनीस किटी, म्हणजे सुष्मिता मुखर्जी. 'शट अप किटी' आमच्याकडे आजही फाजील प्रश्नाला उत्तर म्हणून चालतं. गंमत म्हणून चार भाग जरूर बघा. पण रहस्य पातळ आहे. उत्तर कळलं की हाती उरते ती दोघांची जुगलबंदी.

आता ब्योमकेश. बासू चॅटर्जींनी ही मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर आणली, दुसरं पर्व १९९७ मध्ये आलं, आणि दोन्ही मिळून चौतीस भाग झाले. ब्योमकेश रजित कपूर, अजित म्हणजे के. के. रैना, आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. ही 'आपली' इंदूरकरांनी जरा जास्तच अभिमानाने म्हटली असेल, कारण त्या काळी आमच्यासाठी टीव्ही म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय प्रसारण. मुंबई केंद्राच्या मराठी मालिकांची नावं पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडूनच कळायची. मूळ कथा शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या. हा माणूस १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आला, १९५२ नंतर सिनेमा सोडून पुण्यात राहिला आणि १९७० मध्ये वारला तोही इकडेच, महाराष्ट्रात. म्हणजे कोलकात्याच्या त्या गल्ल्यांतल्या बऱ्याच कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. मला ही गोष्ट फार आवडते. एवढ्या लांबून आठवलेलं शहर असं नेमकं उतरतं.

या मालिकेची ताकद तपासात कमी आणि घरात जास्त आहे. ब्योमकेश धोतर सावरत येतो, बसतो, चहा घेतो, सिगारेट ओढतो, समोरच्याला बोलू देतो. अजित लेखक आहे, मित्र आहे, पण होयबा नाही. त्याचं चुकतं तेव्हा तो चिडतोसुद्धा. मग लग्न होतं, सत्यवती येते, आणि गुप्तहेराच्या घरात बायकोची टोमणेबाजी सुरू होते. जगातल्या नावाजलेल्या गुप्तहेरांपैकी किती जणांना संसार आहे ते मोजून बघा. 'रास्ते का काँटा'मध्ये भर रस्त्यात ग्रामोफोनच्या पिनेने माणसं मरतात. ती युक्ती कशी चालते हे मला पाठ आहे, तरी तो भाग लागला की मी उठत नाही, कारण मला ती बैठक बघायची असते. रजित कपूर आवाज चढवत नाही. संशयिताकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे किंचित हसू येतं, तेवढ्यावर अर्धा भाग निघतो.

उणिवाही सांगायला हव्यात. चित्र धूसर आहे, सेट बेतास बात, काही सहकलाकार अगदीच शाळेच्या संमेलनातले वाटतात. मोठ्या कादंबरीएवढ्या कथा भरभर गुंडाळल्यासारख्या होतात. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा आमच्या घरातल्या कॉलेजच्या मुलांनी पहिली वीस मिनिटं मोबाइलवरून मान वर काढली नव्हती. नंतर काढली, हेही खरं.

ब्रेटच्या होम्सचं प्रकरण वेगळं. इथे पैसा दिसतो. मँचेस्टरला ग्रॅनाडाच्या आवारात अख्खा बेकर स्ट्रीट उभा केला होता, आणि सिडनी पॅजेटने मासिकासाठी काढलेली मूळ चित्रं काही दृश्यांत जशीच्या तशी उभी केली आहेत. १९८४ ते १९९४, एक्केचाळीस भाग, त्यातले पाच सिनेमाएवढे लांब, बाकीचे पन्नासेक मिनिटांचे. वॉटसन दोन झाले: आधी डेव्हिड बर्क, मग एडवर्ड हार्डविक. दोघेही शहाणे, म्हणजे वॉटसनला बावळट दाखवायची जुनी खोड इथे नाही. हार्डविक मला थोडा अधिक आवडतो. मित्राची काळजी त्याच्या नुसत्या डोळ्यांत दिसते.

आणि ब्रेट! तो एका क्षणी पुतळ्यासारखा बसलेला असतो आणि दुसऱ्या क्षणी सोफ्यावरून उडी मारून गालिच्यावर पालथा. हसतो ते अर्ध्या सेकंदात विझतं. होम्स तऱ्हेवाईक आहे, उद्धट आहे, एकटा आहे, आणि त्या एकटेपणाची किंमत त्याला कळते आहे, हे सगळं तो एकही जादा वाक्य न बोलता दाखवतो. अभिनय बघायला बसणाऱ्याने दुसरा विचारच करू नये. एक सावधगिरी मात्र घ्या: शेवटची वर्षं आधी लावू नका. ब्रेट तेव्हा खूप आजारी होता आणि ते पडद्यावर दिसतं. एका भागात तर त्याच्या वाटचं बरंचसं काम होम्सच्या भावाकडे, मायक्रॉफ्टकडे, सोपवावं लागलं. सुरुवात १९८४ च्या भागांनीच करा. लहान मुलं बरोबर असतील तर आधीच्या भागांत होम्सचं कोकेनचं व्यसन येतं हेही लक्षात ठेवा. पुढे एका भागात तो ती सुई वाळूत पुरून टाकतो.

भाषेचा मुद्दा उरतोच. आमच्या घरात आजीला हिंदी मराठीइतकीच घरची, इंग्रजी नाही. ब्रेट फार भरभर बोलतो. खालच्या अक्षरांवर डोळे ठेवले तर त्याचा चेहरा निसटतो, आणि चेहरा निसटला तर मग उरलं काय?

माझ्या कसोटीला कोलंबो सगळ्यात सोपा जायला हवा, कारण तो खुनी पहिल्याच वीस-पंचवीस मिनिटांत दाखवून टाकतो. खून बघितला, खुनी बघितला, आता हा चुरगळलेला रेनकोट घातलेला लेफ्टनंट त्याला कसा पकडतो एवढंच बघायचं. पीटर फॉकचा तो रेनकोट त्याचा स्वतःचाच होता. नेहमीची मालिका १९७१ मध्ये सुरू झाली आणि तिचा पहिला भाग चोवीस वर्षांच्या स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केला. दोघं मिळून रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखकांपैकी एकजण दुसऱ्याचा काटा काढतो अशी गोष्ट. खुनी नेहमी श्रीमंत, देखणा, स्वतःच्या हुशारीवर खूश. कोलंबो उधारी मागायला आलेल्या दुकानदारासारखा नम्रपणे बोलतो, निरोप घेतो, पायरीवरून परत वळतो: अजून एकच गोष्ट राहिली साहेब. बायकोचा उल्लेख सतत, ती दिसत मात्र नाही.

मजा येते, पण साचा एकच. सलग तीन भाग पाहिले की चौथ्याला कंटाळा, असं माझं तरी होतं. शिवाय एकेक भाग सव्वा ते दीड तासाचा. आठवड्याला एक, शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर, असा बघितला तर मात्र त्याच्याइतका निवांत सोबती नाही.

तर घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसणार असतील तर ब्योमकेश लावा, आणि पहिल्या भागापासून क्रमाने, निदान सत्यवती येईपर्यंत तरी. एकटे बघणार असाल, इंग्रजी कानाला सरावलेली असेल आणि मोठा पडदा असेल तर ब्रेट. ज्यांना रहस्याचा ताण सोसत नाही, शेवट आधी वाचून मगच पुस्तक हातात घेणारी मंडळी असतात ना, त्यांना कोलंबो द्या. फक्त ब्योमकेशनंतर लगेच ब्रेट लावू नका. बेकर स्ट्रीटच्या थाटापुढे ती कोलकात्याची बैठक उगाच गरीब वाटायला लागते, आणि तिचा त्यात काही दोष नाही. मध्ये दोन-चार करमचंद घाला.