अबार्थ पुंटोचे ब्रेक पॅड: एक फसलेली खरेदी आणि नंतरचे नऊ महिने

गेल्या जुलैतली गोष्ट. मुंबईत हिंदमाताचा उड्डाणपूल उतरत होतो. पाऊस नुकताच थांबलेला. समोर बेस्टची बस कचकन थांबली. मी ब्रेक मारला आणि क्षणभर काहीच झालं नाही. पेडल टणक, पाय पूर्ण दाबलेला, गाडी मात्र आपल्याच तोऱ्यात चाललेली. मग एकदम पकड आली आणि बसच्या मागे हातभर अंतरावर गाडी थांबली. क्षण म्हणजे किती, अर्धा सेकंद असेल. पण ताशी ४० किलोमीटर वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते, हे घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा हातपाय गार पडले.

वैताग याचा की ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणारे तुकडे, जुने किंवा घासलेले नव्हते. तीनच आठवड्यांपूर्वी, साध्या पॅडच्या दुप्पट पैसे मोजून, ‘स्पोर्ट्स’ म्हणून मी ते हौसेने लावून घेतले होते.

गाडी फियाटची अबार्थ पुंटो. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती भारतात आली. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ घोड्यांची ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि जन्मगाव पुण्याजवळचं रांजणगाव. चार वर्षांपूर्वी मी ती सेकंडहँड घेतली. आठवड्यातून दोनदा दादर ते पवई, बाकी शनिवार-रविवारची भटकंती. फियाटच्या गाड्या इथे बंद झाल्यापासून पार्टसाठी वणवण असतेच. त्यात ‘पुंटो’ एवढंच सांगून पॅड मागितले की दुकानदार हमखास दुसऱ्याच पुंटोचे काढतो. साध्या पुंटोला मागे ड्रम ब्रेक असायचे, पुढच्या डिस्कही वेगळ्या. म्हणून ऑपेरा हाऊसच्या दुकानांत जाताना मी जुना पॅड पिशवीत घालून नेतो आणि काउंटरवर नव्याशेजारी ठेवतो. पॅडच्या पाठच्या पत्र्याचा आकार, स्प्रिंगची जागा, जाडी, सगळं डोळ्यांनी जुळवायचं. यात लाज कसली?

स्पोर्ट्स पॅड का घेतले, तर डब्यावर लिहिलं होतं की अमुक इतक्या तापमानापर्यंत पकड सुटत नाही. आकडा मोठा होता. गाडीच्या नाकावर अबार्थचं चिन्ह, विंचू, आहे म्हणजे पॅडही तसेच हवेत, एवढाच माझा विचार. मिस्त्रींनी तेव्हाच विचारलं होतं, “साहेब, गाडी रेसला न्यायची का हापिसला?” मी हसण्यावारी नेलं.

आता गणित बघा. ब्रेक मारतो तेव्हा गाडीची गती उष्णता होऊन पॅड आणि डिस्कमध्ये जाते, आणि ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी १०० वरून थांबताना जेवढी उष्णता तयार होते, त्याच्या जेमतेम सहावा हिस्सा ताशी ४० वरून थांबताना होते. दादर ते पवई या रस्त्यावर ४० चा वेग मिळणं हीच चैन. सायनला रांगत, घाटकोपरला थांबत, वर पावसाचं पाणी डिस्कवर शिंतडत. असे पॅड तापणार कधी? स्पोर्ट्स पॅडचं मिश्रण गरम झाल्यावरच मनापासून पकडतं. माझे ते पॅड ऑफिसपर्यंत थंडच पोचायचे.

गंमत म्हणजे हे सगळं पॅडवरच छापलेलं असतं. कडेला आकडे-अक्षरांची एक लांब ओळ असते, तिच्या शेवटी इंग्रजीतली दोन अक्षरं. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्याही वर. माझ्या महागड्या पॅडवर ‘ईएफ’ होतं. म्हणजे साधारण तापमानात कमी, तापल्यावर जास्त. डबा मी तीनदा वाचला होता, पॅड एकदाही नाही. अर्थात ही अक्षरं सगळं सांगत नाहीत. पॅड किती टिकेल, किती ओरडेल, ओला असताना कसा वागेल, यातलं काहीच त्यातून कळत नाही. पण साधारण तापमानात कमकुवत असलेला पॅड काउंटरवरच बाजूला काढायला ती पुरतात.

ऑगस्टअखेर, गणपतीला गावी निघायच्या आधी, पॅड बदलले. या वेळी ‘एफएफ’ अक्षरांचे, रस्त्यासाठीचे साधे पॅड घेतले. पाठच्या पत्र्यावर गोलातल्या ई-आकड्याशेजारी ‘९०आर’ असलेले. हा युरोपातल्या आर ९० नियमाचा शिक्का. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे राहिली पाहिजे, असं तो नियम सांगतो. म्हणजे कमी नको तसं फार जास्तही नको, कारण पुढची चाकं भलतीच जोरात पकडू लागली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचं संतुलन बिघडतं. ब्रेम्बो, फेरोडो, टीआरडब्ल्यू, टेक्स्टार, एटीई ही या धंद्यातली जुनी नावं. माझे पॅड त्यांतल्याच एकाचे आहेत, पण कोणाचे ते मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीत चार-चार प्रकारची मिश्रणं असतात. नुसतं नाव पाहून घेतलंत तर तुमचंही माझ्यासारखं होईल. आणि हो, कुर्ल्याला सीएसटी रोडवर ब्रेम्बो लिहिलेली, कॅलिपरवर (पॅड धरणाऱ्या भागावर) लावायची लाल प्लास्टिकची कव्हरं मिळतात. ती लावल्याने गाडी लवकर थांबत नाही.

बसवताना तीन गोष्टी समोर उभं राहून करून घेतल्या. पहिली, मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असल्याने तिथला पॅड ढकलणारा पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत आत घ्यावा लागतो. पूर्वी एका गॅरेजमध्ये पोऱ्याने तो क्लॅम्प लावून दाबायला घेतला होता. मी ओरडलो नसतो तर कॅलिपर गेलाच होता. दुसरी गोष्ट स्लायडर पिना, म्हणजे ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या. आमच्या इमारतीपासून समुद्र चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे खारी हवा सगळीकडे शिरते. डावीकडची एक पिन इतकी जाम होती की मिस्त्रींना ती हातोडीने सोडवावी लागली. पिन जाम असली की आतला पॅड घासतो, बाहेरचा नवाच्या नवा राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते. साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावलं. निम्मा फरक त्यानेच पडला, असं मला अजून वाटतं.

तिसरी, ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं आणि मुंबईच्या हवेत ओलीला तोटा नाही. डॉट ४ या दर्जाचं ऑइल ताजं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ वर येते. गाडीतून निघालं तेव्हा माझं चहाच्या रंगाचं होतं. बदललं, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढली.

नवे पॅड डिस्कवर बसवायला रविवारी पहाटे साडेपाचला बीकेसीत गेलो. मागे कोणी नाही हे पाहून ताशी ५० वरून १० वर, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा. मग ब्रेक न लावता निवांत एक चक्कर, डिस्क थंड होईपर्यंत. तापलेली डिस्क पॅडमध्ये धरून थांबलं की पॅडचा माल एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. मग लोक डिस्क वाकली म्हणून लेथवर नेतात. सुरक्षारक्षक दोनदा येऊन विचारून गेला, गाडी बिघडली का म्हणून.

आता नऊ महिने आणि साडेआठ हजार किलोमीटर झाले. सकाळचा पहिला ब्रेक पहिल्या स्पर्शाला लागतो, आणि मला एवढंच हवं होतं. सप्टेंबरातल्या ओल्या रस्त्यांवरही तो दचकवणारा क्षण परत आला नाही. पाण्यातून गाडी काढली की पुढे थोडं अंतर पेडलवर हलका पाय ठेवून डिस्क कोरड्या करतो. ही सवय बाबांची. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. किंग्ज सर्कलचं पाणी ओलांडलं की ते ब्रेकवर पाय टेकवून रांगत जायचे आणि मागचे हॉर्न मारायचे. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली तर डिस्कवर तांबूस गंज येतो आणि निघताना ‘टक्’ आवाज होतो. घाबरायचं काही नाही, दोन सिग्नलमध्ये पुसला जातो. सपाट जागा असेल तर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये उभी करतो, म्हणजे मागचे पॅड चिकटत नाहीत.

आवाज नाही. आधीचे पॅड सिग्नलला थांबताना असे किंचाळायचे की रिक्षावाले वळून बघायचे. काळी भुकटी चाकांवर जमते, पण आठवड्याला एकदा पुसली की निघते. आधीच्या पॅडच्या लोखंडी भुकटीचे गंजलेले ठिपके मात्र अलॉयवर कायमचे राहिलेत.

तक्रार एकच, आणि ती घाटातली. डिसेंबरात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. गाडीत चौघं, सामान, पुढे एक भरलेला ट्रक. उंचीतला फरक बाराशे मीटरच्या वर. हिशोब केला तर गाडी ताशी १०० वरून तीस वेळा थांबवण्याइतकी उष्णता त्या एका उतरणीत कुठेतरी जायला हवी. काही इंजिन घेतं, काही वारा, उरलेली पॅड. निम्म्या घाटात जळका वास आला आणि पेडल तेवढंच टणक असून पकड कमी वाटू लागली. टणक पेडल म्हणजे पॅड तापले. पेडल स्पंजासारखं खाली गेलं असतं तर ऑइल उकळलं असं समजायचं, आणि ते जास्त धोक्याचं. एका रुंद वळणावर बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबलो. बायकोने थर्मासमधला चहा काढला. पुढचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, वास परत आला नाही. स्पोर्ट्स पॅडनी इथे बाजी मारली असती, हे कबूल. पण आंबेनळी वर्षातून एकदा, हिंदमाता आठवड्यातून चारदा.

परवा मिस्त्रींनी मोजले. पुढचे पॅड नवे असताना ११ मिलिमीटर होते, आता ९ ला थोडे कमी. दोन्ही बाजू सारख्या घासल्यात, म्हणजे पिना मोकळ्या आहेत. तीनवर आले की बदलायचे, त्याला अजून बराच अवकाश आहे. या पावसाळ्याआधी पिनांना परत ग्रीस लावून घेणार आहे.

ते जुने स्पोर्ट्स पॅड, जेमतेम आठशे किलोमीटर चाललेले, बुटांच्या कपाटात पडून आहेत. कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर गाडी नेणारा कोणी अबार्थवाला असेल तर दादरला येऊन घेऊन जा, पैसे नकोत. मुंबईत लावायचे असतील तर मात्र मिळणार नाहीत.