पत्ता असलेली तापमाने: ऑस्ट्रेलियाच्या ‘अ‍ॅकॉर्न-सॅट’ नोंदींचे परीक्षण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या घरी वडिलांनी ठेवलेली पावसाची एक वही आहे. तिची जुनी पाने इंचांत आहेत, पुढची मिलिमीटरमध्ये. आणि मधल्या एका वर्षी पर्जन्यमापक अंगणातून परसातल्या फणसाजवळ हलवला होता, हे केवळ आईच्या आठवणीत आहे, वहीत नाही. तेव्हापासून आकडे उतरले ते पावसामुळे की फणसामुळे, हे आज सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या हवामान विभागाचा ‘अ‍ॅकॉर्न-सॅट’ हा तापमानसंच मी ही वही मनात ठेवूनच पाहिला.

2012 साली प्रसिद्ध झालेल्या या संचात 112 केंद्रांची रोजची कमाल व किमान तापमाने असून नोंदी 1910 पर्यंत मागे जातात. एखादे केंद्र टपाल कचेरीच्या आवारातून विमानतळावर गेले, तर त्यामुळे आकड्यांत पडणारी खोट आसपासच्या केंद्रांशी ताडून दुरुस्त केलेली असते. असे काम इतर देशांतही होते. या संचाचे वेगळेपण असे, की सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या सहभागाने तो लिंक्ड ओपन डेटा म्हणूनही मांडला गेला: केंद्राला आणि नोंदीला वेबवर स्वतःचा पत्ता मिळाला, आणि आकडा कोणत्या केंद्राचा, कोणत्या दिवसाचा, कोणत्या एककातला ही माहिती आकड्यालाच जोडून आली.

याचे मोल आमच्या भागातल्या माणसाला लवकर पटावे. हा जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, 1973 मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगाव शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. नावावरून जुन्या नोंदी शोधणारा इथे हमखास चुकतो. (नावाचा वाद आमच्याकडे जुना आहे, पत्त्याला तो सोडवावा लागत नाही, एवढीच सोय.) ठिकाणाची ओळख न बदलणाऱ्या पत्त्यावर ठेवली, तर सगळी नावे त्याच पत्त्याखाली नांदू शकतात.

उणिवाही आहेत. अशा संचाला प्रश्न विचारण्यासाठी स्पार्कल ही भाषा शिकावी लागते. शाळेतल्या शिक्षकाला साधी, तक्त्यासारखी उघडणारी सीएसव्ही फाइलच अधिक कामाची. 2018 मध्ये तापमानसंचाची सुधारित दुसरी आवृत्ती आली. त्यामुळे एखादा आकडा उद्धृत करताना तो कोणत्या आवृत्तीतला हे पत्त्यावरूनच कळले पाहिजे, नाहीतर आमच्या फणसासारखीच गत व्हायची.

ही पद्धत आपल्याकडे आणायची, तर सुरुवात तापमानापासून नव्हे, पावसापासून करावी लागेल. एकाच जिल्ह्यात कणकुंबीला पाऊस उसंत देत नाही आणि अथणीला माणसे आभाळाकडे पाहत बसतात. एका खंडाला 112 केंद्रे तापमानासाठी पुरली असतील. पावसासाठी गावोगावच्या मापकांनाच, अगदी घरातल्या वह्यांनाही, पत्ते द्यावे लागतील.