इरेझर की लेयर मास्क?
फोटोशॉपमध्ये नऊवारीतल्या नवरीच्या फोटोची पार्श्वभूमी काढायची आहे. इरेझरने काम झटपट होतं, पण पुसलेले पिक्सेल गेले ते गेलेच. फाइल सेव्ह करून बंद केली की अनडूही संपतं. दुसऱ्या दिवशी गजऱ्याची कड कापली गेल्याचं दिसलं, तर ती आणायची कुठून?

लेयर मास्क म्हणजे चित्राच्या थराला (लेयरला) जोडलेला काळा-पांढरा पडदा. त्यात मूळ चित्राला धक्काच लागत नाही. काळा रंग झाकतो, पांढरा दाखवतो आणि 8 बिटच्या फाइलमध्ये (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या) मधल्या 254 करड्या छटा कमीअधिक दाखवतात. खरी ताकद या करड्यातच आहे. कानामागच्या भुरभुरत्या बटांपाशी काळा मऊ ब्रश घ्या, फ्लो (ब्रशमधून रंग किती उतरतो ते) 10-15 टक्के ठेवा आणि हळूहळू झाकत जा. जास्त झाकलं गेलं तर 'एक्स' दाबून काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल करा आणि तिथे पांढरा फिरवा, बट परत येते. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून मास्कच्या थंबनेलवर (लेयरच्या यादीतल्या छोट्या चित्रावर) क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो. राहून गेलेले ठिपके तिथे लगेच सापडतात.

फाइल थोडी जड होते, हे खरं. स्कॅन केलेल्या कागदावरचा एखादा डाग पुसायला इरेझर पुरे. गिऱ्हाइकाच्या कामात मात्र मी मास्कच वापरतो, कारण "केस जरा मोकळे दिसू द्या ना" असा फोन येतोच.