प्रीसीझन कॅम्प: दम वाढला, पण पहिल्या आठवड्यात पाय गेले

कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल टीमकडून लेफ्ट विंगला खेळतो, वय 29, दिवसभर नोकरी, त्यामुळे पावसाळ्यातली माझी प्रॅक्टिस म्हणजे मिसळ खात मोबाईलवर मॅच बघणे. सीझन तोंडावर आला तर वजन 4 किलो वाढलेलं, जिना चढला तरी धाप, म्हणून यंदा पहिल्यांदाच एका खासगी कॅम्पला 6 आठवड्यांचे 4,500 भरले. (नाव टाकत नाही, पुढं शिव्या पण घालायच्यात.)

पहिल्याच दिवशी यो-यो टेस्ट. 20 मीटर जा, 20 मीटर ये, 10 सेकंद श्वास घ्या की परत पळा, आणि बीप फास्ट होत जातो. मी 720 मीटरला बसलो. शेवटी 1,160 झाले, म्हणजे दम वाढला हे मान्य.

पण पहिला आठवडा म्हणजे नुसता छळ. सकाळ-संध्याकाळ कडक जमिनीवर राउंड आणि शटल. अरे चार महिने बसलेली पोरं आहेत ही! पळताना ब्रेक मारला की मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, सवय नसली की त्यात बारीक बारीक फाटतं, आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी काही वाटत नाही, दोन दिवसांनी कमोडवर बसताना कळतं. आमच्या बॅचमधल्या दोघांचं हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) गेलं तिथंच.

तिसऱ्या आठवड्यात नवीन फिजिओ आला आणि पैसे वसूल झाले. आधी 20 मिनिटं फिफा 11+ वॉर्मअप (दुखापत टाळायचे ठरलेले व्यायाम), मग नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं घोटे धरायचे आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढं पडायचं. पहिल्या दिवशी मी सरळ तोंडावर आपटलो. पण माझं जुनं हॅमस्ट्रिंग यंदा अजून तरी गप्प आहे.

प्रॅक्टिस मॅचच्या आधी आणि नंतर फिजिओ वजन करायला लावायचा, माझं एकदा 1.8 किलो उतरलं, सगळं घामाचं पाणी.

एक गोष्ट मात्र चुकलीच, शनिवार-रविवार लागोपाठ मॅच. मॅचनंतर पाय ताळ्यावर यायला 2-3 दिवस जातात, स्नायूतला साखरेचा साठा एका रात्रीत भरत नाही, हे कॅम्पच्या मालकाला सांगितलं तर म्हणाला तालमीतली पोरं तुम्ही, एवढ्यानं काय होतंय. शाहू स्टेडियमवर पहिल्या मॅचला शेवटची पंधरा मिनिटं पोटरीत गोळे घेऊन खेळलो तेव्हा त्याची आठवण काढली. प्रोफेशनल लोक 90 मिनिटांत 10-12 किलोमीटर पळतात म्हणे, पण त्यात फुल स्प्रिंट थोडंच, शरीर मोडतं ते थांबण्यात, वळण्यात आणि धक्काबुक्कीत, आणि ते राउंड मारून येत नाही भावा.

साडेतीन स्टार. जाणार असाल तर आधी 2 आठवडे घरीच थोडं थोडं पळून जा. आणि तिथल्या वजनकाट्यावर विश्वास ठेवू नका, 2 किलो जास्त दाखवतो, फरक बघायला तेवढा चालतोय.