सीएनजी ट्रकला प्लग कोणते घालायचे: साधे की इरिडियम?

डिझेलवाल्यांनी हे सोडून द्यावं, त्यांच्या इंजिनात ठिणगीचं कामच नाही. डिझेल परवडेना म्हणून सीएनजीचा छोटा ट्रक घेतला आणि ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला जास्त व्होल्टेज पुरवणारी कॉइल यांचा खर्च मागे लागला, अशांसाठी हे लिहितोय.

गॅसवर ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, वाढला की आणखी जास्त, आणि तो सगळा ताण कॉइलवर येतो. रिकामी गाडी छान पळते, पण माल भरून खंबाटकी घाट चढायला लागली की मिसिंग मारते, म्हणजे ठिणगी चुकून धक्के देते, ती बहुतेक वेळा यामुळेच.

साधा निकेलचा प्लग स्वस्त, कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो. त्याचं मधलं टोक साधारण २.५ मिमी जाड असतं. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४४६ अंशांना. म्हणून इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिमी इतकं बारीक ठेवता येतं आणि ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. किंमत मात्र तीन-चार पट.

रोज लोडवर चालणाऱ्या गाडीला मी इरिडियमच घालेन. पण एक मेख आहे. एकाच कॉइलवर दोन सिलिंडर चालत असतील, तर अर्ध्या प्लगांत ठिणगी उलट दिशेने पडते आणि बाहेरचा वाकडा दांडा झिजतो. अशा गाडीला त्या दांड्यावरही प्लॅटिनमचा ठिपका असलेलाच प्लग घ्या. नुसत्या मधल्या टोकाला इरिडियम असलेल्यावर पैसे घालण्यापेक्षा साधे प्लग लवकर-लवकर बदललेले बरे.

धातूपेक्षा मोठी चूक नंबरात होते. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बॉशमध्ये नेमकं उलट. काउंटरवरचा पोरगा ‘सेम आहे, घ्या’ म्हणाला तरी तक्त्यात पाहूनच घ्या. नंबरातलं रेझिस्टरचं ‘आर’ अक्षरही सोडू नका, नाहीतर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, त्रास होतो. गॅप मॅन्युअलमध्ये असेल तोच ठेवा. इरिडियमचा गॅप तारेच्या गेजने तपासायचा. मधल्या टोकावर जोर दिला की ते तुटलंच.

कॉइलच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: कंपनीचीच. मी एकदा निम्म्या किमतीची लोकल कॉइल बसवली होती. पावसाळ्यात पुन्हा मिसिंग. प्लग काढला तर पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ, आणि कॉइलचं प्लगवर बसणारं रबरी टोपण, म्हणजे बूट, त्याच्या आतही तशीच. ठिणगी आत न पडता बाहेरूनच उतरत होती. मिस्त्री नुसता प्लग बदलत होता. मी बूटही बदलायला लावला, कारण जुन्या बुटातली रेघ नव्या प्लगवरही उमटते.