माथेरानमधील वानर-निरीक्षण फेरी : एक अभिप्राय

माथेरानच्या रानात वानरांचे निरीक्षण घडवणाऱ्या या पायी फेरीचे खरे मोल मार्गदर्शकांच्या संयमात आहे. वानरांना खाऊ घालायचा नाही आणि जवळ जायचे नाही, हे त्यांनी आरंभीच बजावले व शेवटपर्यंत पाळून घेतले. त्यामुळेच एक काळसर पिल्लू एका मादीच्या हातून दुसरीच्या कुशीत जाताना दुर्बिणीतून निवांत पाहता आले. तिथे ते चिरक्या आवाजात ओरडू लागले, हातपाय ताणू लागले आणि आईने ओढून घेताच तिच्या पोटाला चिकटून गप्प झाले.

पिल्लू आईला आधी स्पर्शातून कसे ओळखू लागते, हे समजावताना मार्गदर्शकांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगांचा आधार घेतला. आईपासून तोडलेली ती पिल्ले, तिच्या जागी ठेवलेल्या दोन पुतळ्यांपैकी दूध देणाऱ्या तारेच्या पुतळ्याला सोडून मऊ कापडाच्या पुतळ्यालाच बिलगत. नाक-डोळे नसलेल्या कापडी आईपाशी वाढलेल्या एका पिल्लाला पुढे रंगवलेल्या चेहऱ्यांच्या आया दिल्या, तेव्हा ते त्यांची डोकी फिरवून कोरी बाजू समोर आणत असे. अशा प्रयोगांतील क्रौर्यही मार्गदर्शकांनी झाकले नाही, हे मला विशेष आवडले.

आवाजावरून होणाऱ्या ओळखीला मात्र फारच थोडा वेळ मिळाला. दुर्बिणीही कमी होत्या. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी स्वतःची न्यावी.